लाँगब्रिज ते ब्रायटन: मिनीच्या वाटेने

निघण्यापूर्वी

मिनी ही छोटी ब्रिटिश मोटरगाडी जिथे जन्मली, घडली, शर्यतींना सज्ज झाली आणि शेवटची बाहेर पडली, ती ठिकाणे इंग्लंडच्या नकाशावर एका तिरक्या रेषेत येतात. बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला सुरुवात आणि ब्रायटनच्या समुद्रावर शेवट. अंतर साडेचारशे ते पाचशे किलोमीटर. नव्या गाडीने ते एका दिवसात संपेल. जुन्या मिनीने सहा दिवस घ्यावेत, कारण ही गाडी तासन्‌तास महामार्गावर पळवण्यासाठी बनलेलीच नाही.

जुनी मिनी भाड्याने देणारे ब्रिटनमध्ये बरेच आहेत. भारतीय परवान्यावर तिथे १२ महिने गाडी चालवता येते, आणि वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून असल्याने हात बसायला वेळ लागत नाही. मात्र जुन्या गाड्यांचा विमा उतरवणारे बहुधा २५ वर्षांखालच्या चालकाला नकार देतात, तेव्हा ते आधी विचारावे. पेट्रोल ‘ई५’ सुपर भरावे. साध्या पंपावरच्या ‘ई१०’मधले इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधली सीले खाते.

डिकीत फॅन बेल्ट, पॉइंट, कंडेन्सर आणि रोटर हे ठिणगी पाडणारे सुटे भाग, दोन प्लग, एक लिटर २०डब्ल्यू-५० ऑइल, पाण्याचा कॅन आणि एक बायपास होज असावा. हा होज म्हणजे सिलिंडर हेड आणि वॉटर पंप यांच्यामधली बोटभर लांबीची रबरी नळी. तो फुटला की पाणी जाते आणि काही मिनिटांत इंजिन तापते. बदलायला जागा इतकी कमी की घडीदार नळी दाबून, आखडून बसवावी लागते. पाने इंची हवेत: ७/१६, १/२ आणि ९/१६. आपल्याकडचा १३ मिमीचा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर बसल्यासारखा वाटतो, पण तो ढिला असतो आणि नटाचे कोपरे गोल करतो. ११ मिमीचा तर ७/१६वर चढतच नाही.

दिवस पहिला: लाँगब्रिज

हर्बर्ट ऑस्टिन यांनी १९०५ साली एका बंद पडलेल्या छापखान्याच्या जागेत इथे कारखाना काढला. १९२२ची ‘ऑस्टिन सेव्हन’, जुन्या पिढीची ‘बेबी ऑस्टिन’, इथलीच. आता इथे कारखाना शोधत फिरू नये. २००५च्या एप्रिलमध्ये तेव्हाची मालक कंपनी एमजी रोव्हर बुडाली आणि त्यानंतर बहुतेक शेड पाडल्या गेल्या. त्या जागी दुकाने, कॉलेज आणि घरे उभी आहेत. लिकी रोडवरच्या कॉफ्टन पार्कमध्ये मात्र थांबावे. कारखाना समोरच होता, आणि दर वर्षी एप्रिलच्या सुमारास जुने कामगार आणि गाडीवाले ‘प्राइड ऑफ लाँगब्रिज’ या मेळाव्याला तिथे जमतात. जवळच ऑस्टिन व्हिलेज आहे. पहिल्या महायुद्धात कामगारांसाठी अमेरिकेतून जहाजाने लाकडी बंगले मागवले होते, त्यांत आजही लोक राहतात.

मिनीची गोष्ट सुरू होते १९५६च्या सुएझ संकटापासून. डिसेंबरपासून ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग आले आणि जर्मन बनावटीच्या तीनचाकी बुडबुडा-गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या. ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र येऊन झालेल्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांना त्यांचा तिटकारा होता. १९५७च्या मार्चमध्ये त्यांनी अलेक इसिगोनिस यांना सांगितले की छोटी पण खरीखुरी गाडी करा, फक्त इंजिन आपल्याकडे तयार आहे त्यातलेच वापरा. स्मर्ना या बंदरात १९०६ साली जन्मलेला हा अभियंता गणितात कच्चा आणि कागदावर पेन्सिलीने चित्रे काढण्यात पक्का होता. त्याने लांबीची मर्यादा घातली दहा फूट. त्यातली चार पंचमांश जागा माणसांची आणि सामानाची.

बाकी सगळे या एका हिशेबातून आले. इंजिन आडवे ठेवले. आडव्या इंजिनाशेजारी गिअरबॉक्सला जागा उरेना, म्हणून तो इंजिनाखाली, ऑइल साठणाऱ्या भांड्यात म्हणजे सम्पमध्येच घातला. चाके दहा इंची केली, म्हणजे चाकांच्या कमानी आत घुसणार नाहीत. दाराच्या काचा सरकत्या ठेवल्या, म्हणून दाराच्या पोकळीत मोठे कप्पे मिळाले. बिजागऱ्या बाहेर, पत्र्याचे सांधेही बाहेरच. २६ ऑगस्ट १९५९ रोजी गाडी बाजारात आली. साध्या मॉडेलची करांसकट किंमत ४९६ पौंड १९ शिलिंग २ पेन्स. फोर्डच्या अभियंत्यांनी एक मिनी सुटी करून खर्च मांडला, तेव्हा दर गाडीमागे सुमारे ३० पौंड तोटा निघाला. किंमत ठरवणाऱ्यांनी हा हिशेब गाडीच्या आराखड्याइतक्या काटेकोरपणे केला नसावा.

इंजिन आणि गिअरबॉक्स एकच ऑइल पितात, याचा अर्थ पहिल्याच संध्याकाळी समजून घ्यावा. दातेरी चाके ऑइलचे रेणू चिरडतात आणि ते लवकर पातळ होते. म्हणून २०डब्ल्यू-५० खनिज ऑइलच घालावे, आधुनिक गाडीचे पातळ सिंथेटिक नाही. फिल्टरसह साधारण ४.८ लिटर लागते आणि दर ४,८०० किलोमीटरला बदलावे लागते. सम्पच्या बुचाला चुंबक असतो. त्यावर करडा, मऊ लगदा दिसला तर घाबरू नये. टोचणाऱ्या चकत्या दिसल्या तर गिअरबॉक्स काढायची वेळ आली.

दिवस दुसरा: स्ट्रॅटफर्डवरून गेडन

सकाळी थंड इंजिनाला चोक पूर्ण ओढावा, गाडी सुरू होताच थोडा आत ढकलावा आणि एक-दोन किलोमीटरांत पूर्ण बंद करावा. चोक ओढलेलाच राहिला तर जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन सम्पमध्ये उतरते.

एम४० महामार्ग टाळून रेडिच, स्ट्रॅटफर्ड, वेल्सबर्न, काइनटन असे गेले तर रस्ता वळणांचा आहे आणि मिनी वळणांवरच कळते. चाके गाडीच्या चार टोकांना, वजन खाली आणि पुढच्या चाकांवर, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच फेऱ्यांच्या आसपास. वळणात शिरताना ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरावा. मध्येच पाय उचलला तर गाडीचे नाक आत वळते. सरावलेल्याला ते आवडते, नवख्याला दचकवते.

गेडनचे ब्रिटिश मोटर म्युझियम एका जुन्या हवाई तळावर आहे. पूर्ण दिवस इथेच द्यावा. शेजारचे मोठे आवार जग्वार लँड रोव्हरचे, म्हणजे २००८पासून टाटा मोटर्सच्या मालकीचे. संग्रहालयात ६२१ एओके या क्रमांकाची १९५९ची पहिली मॉरिस मिनी-मायनर आहे. ४ ऑक्टोबर २००० रोजी लाँगब्रिजहून निघालेली शेवटची लाल कूपर, म्हणजे मिनीची जास्त ताकदीची आवृत्ती, एक्स४११ जेओपी, हीदेखील याच संग्रहातली. दोन्हींच्या मध्ये एकूण ५३,८७,८६२ गाड्या झाल्या. बाह्यरेषा मात्र बदलली नाही, ही गोष्ट दोन्ही गाड्या एकाच दिवशी पाहिल्यावर पटते. पाहण्याआधी दालनात कुठली गाडी कधी मांडली आहे हे विचारून घ्यावे, कारण संग्रहातल्या गाड्यांची जागा बदलत असते.

पहिल्या गाडीची पुढची जाळी वाकून पाहावी. जाळीच्या लगेच मागे डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना ठिणगीची वीज वाटणारा भाग आहे. मूळ नमुन्यात तसे नव्हते. तिथे कार्ब्युरेटर पुढे होता आणि थंडीत त्यात बर्फ धरत असे. म्हणून इंजिन १८० अंशांत फिरवले. कार्ब्युरेटर मागे उबेत गेला, पण डिस्ट्रिब्युटर पावसाच्या तोंडावर आला, आणि फिरण्याची दिशा जुळवण्यासाठी मध्ये एक जादा दातेरी चाक घालावे लागले. तिचा तो ओळखीचा घूं आवाज त्यातूनही येतो. इंजिनही ९४८ सीसीवरून ८४८ सीसीवर आणले, कारण नमुन्याची गाडी घरगुती गिऱ्हाइकाच्या मानाने फार पळत होती. ३४ अश्वशक्ती ठेवली तरी कमाल वेग ताशी ११५ किलोमीटरच्या घरात राहिला.

पहिल्या पावसाळी दिवसांत रस्तोरस्ती मिन्या बंद पडल्या. उपाय दोन होते. एक, जाळीमागे पत्र्याचा आडोसा. दुसरा मालकांनी स्वतः शोधला: भांडी घासायचा रबरी मोजा डिस्ट्रिब्युटरवर चढवायचा आणि बोटांतून प्लगच्या तारा बाहेर काढायच्या. दिसायला विनोदी, पण चालतो. आजही पावसात गाडी गचके देऊ लागली तर आधी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून कोरड्या फडक्याने आतून पुसावी आणि पाणी हटवणारा स्प्रे मारावा. जमिनीच्या पत्र्याचा सांधाही सुरुवातीला उलटा होता, चाकांनी उडवलेले पाणी त्यातून आत येई आणि गालिचे भिजत. १९५९चा उन्हाळा कोरडा गेल्याने चाचण्यांत ते लक्षात आले नाही.

याच संग्रहात मॉन्टे कार्लो रॅली जिंकलेल्या तिन्ही गाड्या आहेत. १९६४ची ३३ ईजेबी, १९६५ची एजेबी ४४बी आणि १९६७ची एलबीएल ६डी. त्यांची हकिकत उद्या एबिंग्डनला.

दिवस तिसरा: काउली आणि एबिंग्डन

बी४१००ने बॅनबरी, तिथून ए४२६०ने ऑक्सफर्ड. शहराच्या आत गाडी नेऊ नये, पूर्वेकडच्या वळणरस्त्याने थेट काउली या उपनगरात जावे. मध्यवर्ती भागात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांवर शुल्काचे नियम आहेत आणि ते बदलतात. बर्मिंगहॅम आणि लंडनमध्येही धुरावरून शुल्क घेणारे विभाग आहेत. ४० वर्षांहून जुनी, ऐतिहासिक वर्गात नोंदलेली गाडी लंडनच्या या धुराच्या शुल्कातून सुटते, पण १९९०च्या दशकातली मिनी सुटत नाही. भाड्याची गाडी घेताना तिचे वर्ष विचारायचे ते यासाठी.

१९६९पर्यंत ‘मॉरिस’ नावाच्या मिन्या इथे काउलीला बनत आणि ‘ऑस्टिन’ नावाच्या लाँगब्रिजला. गाडी तीच, बिल्ला आणि जाळी वेगळी. आपल्याला काउलीचे आणखी एक नाते आहे. हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बेसेडर ही मूळची तिसऱ्या मालिकेची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि ‘बेबी हिंदुस्थान’ म्हणजे मॉरिस मायनर, इसिगोनिस यांचीच १९४८ची रचना. आपल्या टॅक्सीस्टँडवर अनेक दशके उभी राहिलेली गाडी या रस्त्याची लेक होती, हे काउलीत फिरताना आठवतेच. आज चालू असलेला कारखाना गाड्यांचे सांगाडे बनवणाऱ्या जुन्या प्रेस्ड स्टील कंपनीच्या जागेवर आहे, मॉरिसच्या मूळ शेडच्या जागी कचेऱ्या आल्या आहेत. २००१पासून इथे बीएमडब्ल्यूची मिनी बनते. आतून पाहायचे असेल तर सहली चालू आहेत का ते बघून आगाऊ नोंदणी करावी, आयत्या वेळी दारातून प्रवेश मिळत नाही. त्या पहिल्या नव्या मिनीची लांबी ३.६३ मीटर, जुनीची ३.०५. नवी गाडी चांगली आहे, पण जागेचा तो हिशेब तिने सोडून दिला.

एबिंग्डन इथून अर्ध्या तासावर. एमजीचा कारखाना १९८०मध्ये बंद झाला, आणि कंपनीचा रॅली विभाग त्याच आवारात होता. शर्यतीची मिनी ही कल्पना जॉन कूपर यांची. १९५९ आणि १९६०ला फॉर्म्युला वनची बांधणीकारांची अजिंक्यपदे मिळवणारे कूपर. इंजिन चालकाच्या मागे ठेवून त्यांनी ग्रांप्रीचे जग पालटले, आणि घरोघरी नाव झाले ते इंजिन पुढे असलेल्या गाडीमुळे. १९६१ची कूपर ९९७ सीसी, ५५ अश्वशक्ती, पुढे सात इंची डिस्क ब्रेक. १९६३ची कूपर एस १०७१ सीसी आणि ७० अश्वशक्ती.

मॉन्टे कार्लोला बर्फावर तिप्पट ताकदीच्या गाड्या मागे का पडल्या, याचे कारण यांत्रिक आहे. इंजिन, गिअरबॉक्स असे सगळे जड सामान ओढणाऱ्या चाकांवर बसलेले, त्यामुळे पकड मिळते. शिवाय घाटातल्या अरुंद रस्त्यावर छोट्या गाडीला वळणाची रेषा निवडायला जागा उरते. फिनलंडच्या टिमो मॅकिनेन आणि राउनो आल्टोनेन यांनी त्यात डाव्या पायाने ब्रेक मारण्याची भर घातली. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच, डाव्याने हलका ब्रेक, की गाडीचा मागचा भाग हवा तेवढा बाहेर घसरतो. १९६४ला पॅडी हॉपकर्क, १९६५ला मॅकिनेन, १९६७ला आल्टोनेन जिंकले. १९६६ला पहिल्या तिन्ही जागा मिन्यांच्याच होत्या, पण हेडलाइट डिप करण्याची जोडणी नियमात बसत नाही म्हणून तिघांना बाद केले आणि विजय सिट्रोएनला दिला. त्या निर्णयाने मिनीची जेवढी प्रसिद्धी झाली तेवढी एखाद्या विजयानेही झाली नसती.

दिवस चौथा: विटनी, मग ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन

ए४१५ने विटनीकडे जाताना न्यूब्रिजचा जुना दगडी पूल लागतो. अरुंद आहे, सिग्नल पाहून जावे. विटनीत ब्रिटिश मोटर हेरिटेजचा कारखाना आहे. मिनीचा आख्खा सांगाडा मूळच्या साच्यांवरून इथे पुन्हा बनवला जातो. अशा कारखान्याची गरज का पडते, याचे उत्तर एका शब्दाचे: गंज.

मिनीला वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडाच सारे ओझे पेलतो, आणि ब्रिटनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ पसरतात. तपासायच्या जागा ठरलेल्या आहेत. दाराखालचे सिल, पुढच्या दाराआधीची उभी पट्टी, काचेखालचा पत्रा, डिकीतला बॅटरीचा खड्डा, आणि सर्वात घातक म्हणजे मागची सबफ्रेम, मागची चाके धरणारी लोखंडी चौकट. ती पोकळ आहे, आतून सडते आणि बाहेरून रंग शाबूत दिसतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जावे. टणटणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर पत्रा गेला. सिलचे मूळ पत्रे अरुंद असतात. सडलेल्यावरच रुंद पत्रा चढवून वेल्डिंग केलेले दिसले, तर विकणाऱ्याने आणखी काय झाकले असेल याचा विचार करावा.

बर्फर्ड, स्विंडन, एव्हबरी, डिव्हायझेस असा रस्ता घेतला की दुपारपर्यंत ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन येते. नदी, मधाच्या रंगाचे दगडी उतार आणि जुन्या रबर गिरण्या. स्टीफन मोल्टन यांनी १८४८मध्ये इथे व्हल्कनाइज्ड रबराचा उद्योग सुरू केला. त्यांचे पणतू अलेक्स मोल्टन यांनी मिनीचे सस्पेन्शन रचले. स्प्रिंगऐवजी रबराचा शंकू. ‘द हॉल’ हा त्यांचा वाडा ठरावीक दिवशीच पाहता येतो.

रबरच का? मिनी रिकामी असताना ६०० किलोच्या आत. चार धडधाकट माणसे आणि सामान बसले की तिच्या वजनात निम्म्याहून जास्त भर पडते. साधी स्प्रिंग रिकाम्या गाडीला बेतली तर भरल्यावर बसते, भरलेल्या गाडीला बेतली तर रिकामी उडते. रबर जसे दाबाल तसे अधिकाधिक कडक होते, त्यामुळे दोन्ही अवस्था सांभाळल्या जातात. शिवाय शंकू लहान, म्हणजे पुन्हा जागेची बचत. १९६४पासून काही वर्षे त्याऐवजी पुढचे-मागचे चाक द्रवाने जोडणारी हायड्रोलॅस्टिक पद्धत आली. ती मऊ होती पण खर्चिक, आणि १९७१पर्यंत मिनी परत रबरावर आली.

रबर वर्षानुवर्षे दबून बसते. गाडी एका बाजूला कललेली किंवा चाकाच्या कमानीत बुडालेली दिसली, आणि खड्ड्यावर कणा दणकला, तर शंकू बदलायला झाले. मागच्या चाकाचे वरचे टोक आत झुकलेले असेल तर रोग वेगळा. मागचे चाक धरणाऱ्या आर्मच्या दांड्याच्या एका बाजूला सुई रोलर बेअरिंग आणि दुसऱ्या बाजूला कांस्याचे बुश असते. ग्रीस न मिळाल्याने ते झिजलेले असते. ग्रीसची निपले, म्हणजे ग्रीस भरायची तोंडे, पुढे दोन्ही बाजूंना तीन-तीन, मागे एक-एक. दर ४,८०० किलोमीटरला जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारावा. आठ निपले, वीस मिनिटांचे काम, आणि तरीही मागची निपले सर्वात जास्त विसरली जातात.

दिवस पाचवा: सॉल्सबरीवरून न्यू फॉरेस्ट

आजचा दिवस चालवण्याचा. ए३६ने सॉल्सबरी, पुढे लिंडहर्स्ट, ब्यूली. न्यू फॉरेस्टमध्ये मोकळी घोडी रस्त्यावर उभी असतात आणि बऱ्याच भागात ताशी ४० मैलांची मर्यादा आहे. ब्यूलीच्या नॅशनल मोटर म्युझियममध्ये दोन तास पुरतात. मिनीसाठी गेडननंतर इथे नवे काही फारसे नाही.

क्लच सोडताना गाडी थरथरत असेल तर आज पाहून घ्यावे. बहुधा क्लच खराब नसतो. इंजिनाच्या वरच्या टोकाला बॉडीशी बांधणारी एक दांडी असते, तिच्या दोन टोकांचे रबरी बुश झिजलेले असतात. इंजिन आडवे असल्याने ते पुढे-मागे डोलते, आणि तसेच चालवले तर सायलेन्सरचा पाइप इंजिनाजवळ तडकतो. बुश स्वस्त आहेत, दोन बोल्ट काढले की बदलतात. पूर्ण वळणावर टक-टक आवाज आला तर तो चाकाकडच्या सीव्ही जॉइंटचा, म्हणजे वळलेल्या चाकालाही इंजिनाची ताकद पोहोचवणाऱ्या सांध्याचा. त्याचा रबरी बूट फाटून ग्रीस उडून गेलेले असते.

दिवस सहावा: फेरिंग आणि ब्रायटन

किनाऱ्याने चिचेस्टर, पुढे ए२५९. वर्दिंगच्या अलीकडे फेरिंग हे गाव आहे. १९६५मध्ये शर्यतीचा संघ विकल्यावर जॉन कूपर यांनी पुढे इथे गॅरेज चालवले. १९७१ला मिनीची तेव्हाची मालक कंपनी ब्रिटिश लेलँडने त्यांचे नाव गाड्यांवरून काढले होते. १९८०च्या दशकात जपानी गिऱ्हाइकांना जुन्या कूपरची ओढ लागली, त्यांच्यासाठी इंजिनाची ताकद वाढवणारे संच फेरिंगमधून जाऊ लागले, आणि १९९०ला रोव्हरने ‘कूपर’ हे नाव अधिकृतपणे परत आणले. टोकियोच्या गल्ल्यांत दहा फुटांची गाडी किती कामाची, हे वेगळे सांगायला नको. मिनीची जागा घ्यायला १९८०मध्ये मेट्रो आणली होती. ती १९९८ला संपली, मिनी तिच्यानंतर दोन वर्षे चालली.

ब्रायटनच्या मडीरा ड्राइव्हवर दर वर्षी मे महिन्यात लंडनहून निघालेल्या मिन्यांची रांग लागते. त्या रविवारी जायचे असेल तर राहण्याची सोय आधी करावी. एरवीही समुद्रासमोर गाडी लावून फोटो काढायला हरकत नाही, रात्रभर तिथे ठेवू नये. खारा वारा सबफ्रेमला मिठाच्या रस्त्याइतकाच बाधतो. गाडी परत करण्याआधी खालून गोड्या पाण्याने धुवावी, सबफ्रेमच्या भोकांतून पाणी आरपार जाऊ द्यावे. १९८४पूर्वीच्या साध्या मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि भिजल्यावर ते गाडी एका बाजूला खेचतात. म्हणून धुतल्यावर मोकळ्या रस्त्यावर सावकाश जात, ब्रेक हलका दाबून धरून ते कोरडे करावेत आणि मगच महामार्गाला लागावे.